चतुःसीमा

मी लिहून देणार क्रमांक तीन. क्रमांक एक आई, क्रमांक दोन दादा. खरेदीखतात विकणाऱ्याला विकणारा म्हणत नाहीत, 'लिहून देणार' म्हणतात आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार'. घर, जमीन, झाडं सगळं बाजूला. जणू व्यवहार काय तो लिहिण्याचाच.

2022 च्या फेब्रुवारीत दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही दोन तास बाकड्यावर बसून होतो. नंबर लागला, फोटो झाले, आणि आईचा अंगठा मशीन घेईना. "आजी, अंगठा जरा केसांवरून फिरवा, तेल लागू दे," मशीनवरचा मुलगा म्हणाला. आईने अंगठा पदराला पुसला, केसांवरून फिरवला, पुन्हा काचेवर ठेवला. चौथ्या खेपेला उमटला. तोवर मागचे लोक चुळबुळ करायला लागले होते आणि आई ओशाळून त्या मुलालाच सांगत होती, "राखेनं भांडी घासली रे इतकी वर्षं, रेषा राहतील कुठनं?"

तेवढ्या वेळात मी मसुदा पुन्हा एकदा वाचून काढला. रक्कम, हप्ते, चेक नंबर यांत मला काही रस नव्हता, ते दादा बघत होता. मी अडकले होते चतुःसीमेच्या पानावर. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस अमक्याची मिळकत. कागद तुमचं घर कुठलं हे सरळ कधीच सांगत नाही. चार बाजूंना कोण कोण आहे ते सांगतो, आणि मधे उरेल ते तुमचं.

आमच्या घराचे असे चार कागद आहेत. 1966 चं प्लॉटचं खरेदीखत, दस्तलेखकाने बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहिलेलं. 1979 चं, टाइपरायटरवरचं. त्याच्यात प्रत्येक 'र्‍या' पेनाने दुरुस्त केलेला आहे. 1989 चं एक हक्कसोडपत्र. आणि हे शेवटचं. पहिले तीन आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, पिवळ्या फडक्यात बांधलेले सापडले. फडकं मुळात पांढरं असणार. आजोबा सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते आणि त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक गोष्ट शेवटी हळदीची होत असे. त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरचा आतला भाग, छत्रीची मूठ, आमचे गाल.

राहायला ते गावभागात होते, नदीजवळच्या एका वाड्यात, भाड्याने. दोन खोल्या, आणि पावसाळ्यात कृष्णा घाट सोडून गल्लीत आली की सामान माळ्यावर. पाणी उतरल्यावर आठ-आठ दिवस गाळ काढायचा, धान्य वाळवायचं, आणि पुढच्या वर्षी परत तेच. आजोबा म्हणायचे, नदी बघायला जावं, नदीने आपल्याला बघायला येऊ नये. म्हणून त्यांनी विश्रामबागेत प्लॉट घेतला. त्या वेळी पेठेतल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला माळ. 1919 साली सुरू झालेलं विलिंग्डन कॉलेज आणि 1947 चं इंजिनिअरिंग कॉलेज, जे पुढे वालचंद झालं, एवढी दोन ठिकाणं सांगितली की रिक्षावाल्याला, म्हणजे तेव्हाच्या टांगेवाल्याला, पत्ता कळायचा. पलीकडे वानलेसवाडी, मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची. बाकी शाळू, हरभरा आणि वारा.

सांगली मुळात मिरजेतूनच फुटलेली. पटवर्धनांच्या घरात वाटणी होऊन 1801 साली चिंतामणरावांनी सांगलीचं वेगळं संस्थान मांडलं. 1998 साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली आणि आमच्या घरपट्टीच्या पावतीवर तीन गावांची नावं एका ओळीत आली. बाबा ती पावती दाखवून म्हणायचे, "एकशे सत्त्याण्णव वर्षांनी भाऊ एकत्र आले, तेही कर भरायला." आमचं घर बरोबर त्या दोघांच्या मधे. पाहुणे सांगलीचे असले की आम्ही मिरज साइडचे, मिरजेचे असले की सांगलीचे.

1966 च्या कागदावरची चतुःसीमा मला पाठ आहे. पूर्वेस प्लॉट नं. 14, पश्चिमेस प्लॉट नं. 12, उत्तरेस मूळ मालकाची शेतजमीन, दक्षिणेस 30 फुटी नियोजित रस्ता. क्षेत्र चार गुंठे. किंमत साडेतीन हजार रुपये, 'रोख भरून पावलो, भरण्याविषयी तक्रार नाही'. या सगळ्यात एकही माणूस शेजारी नाही. नुसते आकडे, शेत, आणि एक रस्ता जो अजून व्हायचाय. तो 'नियोजित' शब्द आमच्या घरात पुढे म्हणीसारखा वापरला जायचा. दादाचा अभ्यास नियोजित, बाबांचं पोट कमी करणं नियोजित. रस्त्यावर डांबर पडलं तेव्हा मी सहावीत होते.

चतुःसीमेच्या खाली आणखी एक ओळ असते, सगळ्या जुन्या कागदांत सापडेल: 'येणेप्रमाणे चतुःसीमेतील मिळकत त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह.' पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, आणि शेवटी जमिनीत पुरलेलं धन. आजोबांना ही ओळ फार आवडायची. त्यांच्या धंद्यात निक्षेप ही रोजचीच गोष्ट होती. सांगलीजवळ हरिपूरला हळद पेवांत ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी कोठी. आत पाला-कडबा लावून हळद भरायची, तोंड मातीने बंद करायचं, की वर्षानुवर्षं तिला कीड लागत नसे. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. त्या हळदीच्या पावत्या पेठेत हातोहात फिरत, हळद जागची हलत नसे. 2005 च्या महापुराने त्यातली पुष्कळ पेवं संपवली. तेव्हा आजोबा नव्हते, ते बरंच झालं. तर, प्लॉटचा कागद वाचून दाखवताना ते म्हणायचे, "आपल्या खाली निधीबिधी काही नाही बरं का. नुसती काळी माती. तिच्यात पैसे गेले तेवढाच निक्षेप."

काळ्या मातीबद्दल ते विनोद करत नव्हते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की पोराचा पाय अडकावा. तिच्यावर नुसता पाया ठेवून चालत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. आमचं खोदकाम चालू होतं आणि 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. गावभागातल्या वाड्यात भांडी पडली, माणसं पांघरुणासकट रस्त्यावर आली. सकाळी आजोबा सायकल मारत साइटवर गेले आणि गवंड्याला म्हणाले, भिंत दीड विटेची करा. गवंडी म्हणाला, पैसे? आजोबा म्हणाले, ओटा नंतर बघू.

ओटा नंतर बघितला, आणि तोच आम्हाला जन्मभर पुरला. पैसे संपल्यामुळे पुढच्या ओट्याचा पाया मुरमापर्यंत गेलाच नाही. त्यामुळे घर जागेवर आणि ओटा मातीबरोबर वरखाली. दोहोंच्या सांध्यात, दाराच्या डाव्या हाताला, एक भेग होती. वैशाखात तिच्यात चार आण्याचं नाणं उभं राहायचं. श्रावणात नखही जात नसे. आजोबांनी तिच्यावर काचेची एक पट्टी प्लॅस्टरने डकवली होती. भेग वाढली तर काच तडकते, ही सरकारी ओव्हरसियरची युक्ती. पहिल्याच मे महिन्यात काच तडकली. त्यानंतर त्यांनी भेगेला आडव्या पेन्सिलच्या रेघा मारून तारखा लिहायला सुरुवात केली. किराणाच्या वहीत लिहावं तशा. 12-5-71. 3-6-74. मधेच एके ठिकाणी, त्याच पेन्सिलने, 'नात' आणि तारीख. ती मी. उंची मोजायला लोक दाराच्या चौकटी वापरतात, आमच्याकडे भेग होती.

बाबांनी रंग देताना ती जागा दर वेळी सोडली. पेंटर कुरकुर करायचा.

1979 साली आत्याचं लग्न ठरलं आणि आजोबांनी पश्चिमेचा दीड गुंठा विकला. त्यांची पेन्शन नव्हती, अडतीच्या नोकरीत कसली पेन्शन. त्या दीड गुंठ्यात चिकूचं झाड होतं, आजोबांनीच लावलेलं, नुकतं धरायला लागलेलं. 'तरू' या शब्दात ते गेलं. घेणारं जोडपं मिरजेचं, नवं लग्न झालेलं. त्यांनी छोटं बैठं घर बांधलं, आणि आम्हाला पहिल्यांदा पश्चिमेला माणसं मिळाली. काकू आल्या तेव्हा मी सात वर्षांची होते. पहिले चिकू उतरवले तेव्हा त्यांनी परातभर आमच्याकडे आणून दिले आणि आजीला म्हणाल्या, "तुमचेच आहेत की." आजी चिकूला हातही लावत नसे. विकलेल्या झाडाचं फळ खाऊ नये असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. आम्ही पोरं चिकूवर तुटून पडायचो. एकदा झाडावरून मी काकूंच्या पत्र्यावर पडले होते, त्याचा वण हनुवटीवर आहे.

पूर्वेला प्लॉट नं. 14 वर इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं घर झालं. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात पोरं ड्रॉइंगबोर्ड घेऊन बसलेली असत आणि आजोबा कुंपणावरून त्यांना आपली भेग दाखवून उपाय विचारत. इतक्या वर्षांत किमान दहा होतकरू इंजिनिअरांनी ती भेग तपासली असेल. कुणी म्हणे अंडरपिनिंग करा, म्हणजे पाया खालून खोल न्या, कुणी म्हणे ओटा पाडून परत बांधा. आजोबा सगळ्यांना भडंग आणि चहा देत आणि काहीच करत नसत. ते घर 2008 ला विकलं गेलं, तिथे चार मजली अपार्टमेंट झाली, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं सकाळचं ऊन गेलं. उत्तरेच्या शेतात मी हुरडा खाल्लाय. तिथे आधी सोसायटी झाली, मग सोसायटीच्या पुढच्या बाजूला एक हॉस्पिटल, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं पार्किंग. रात्री अँब्युलन्स मागे घेताना तिचा तो बायकी आवाज आमच्या बेडरूममध्ये यायचा. असो.

आता तिसऱ्या कागदाकडे येते, आणि इथे माझा हात जरा जड होतो. आजी आधी गेली, 1988 ला आजोबा गेले, आणि पुढच्या वर्षी आत्याने हक्कसोडपत्र लिहून दिलं. बिनामोबदला. घर आजोबांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यात आत्याचा वाटा बाबांइतकाच होता. तिला साडी नेसवली, ओटी भरली, आणि वकिलांनी दाखवलं तिथे तिने सही केली. 'तिच्या लग्नात दीड गुंठा गेलाच की' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. मलाही ते कितीतरी वर्षं हिशेबाला बरोबर वाटायचं. बाबा काही लबाड माणूस नव्हते, हेही खरं. पण त्या अख्ख्या ट्रंकेत आत्याचं नाव एकदाच येतं, आणि ज्या कागदात येतं त्याच कागदाने ते पुसलं जातं.

2016 ला बाबा गेल्यावर वारस म्हणून आम्हा तिघांची नावं लागली. दोन-तीन नातेवाइकांनी आडून सुचवलं की मुलीने हक्कसोड दिलं की पुढे व्यवहार सोपा जातो. दादा काही बोलला नाही. मी म्हटलं, मी नाही देणार. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. दादा म्हणाला, "देऊ नकोस की. कोण मागतंय?" संपलं. एवढीच आमची वाटणी. आत्याला फोनवर सांगितलं तेव्हा ती "बरं केलंस" म्हणाली आणि गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला कुणी मागितलंही नव्हतं गं. नुसतं पेन पुढं केलं होतं."

खरेदीखताच्या शेवटी असतं ना, 'आपण व आपले वालीवारस यांनी पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने उपभोग घ्यावा.' पुत्रपौत्रादी. त्या 'आदी'त आम्ही.

2019 च्या ऑगस्टमध्ये आजोबांचं म्हणणं खरं ठरलं. आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभाग, सांगलीवाडी, मारुती चौक, हरभट रोड, सगळं पाण्यात. आमच्या ओट्यापर्यंत थेंब नाही. पण आमच्या घरात सतरा माणसं होती. त्यातली सहा त्या जुन्या वाड्याच्या मालकांची नातवंडं-पतवंडं, ज्या वाड्यात आजोबा भाडं भरत होते. नळाला पाणी नव्हतं. चहुकडे पाणी आणि प्यायला टँकर. आईने सतरा माणसांना भात-आमटीवर आठवडा काढला. एका रात्री त्या घरातल्या आजी ओट्यावर बसून भेगेवरच्या तारखा बोटाने वाचत होत्या. "हे काय, पुराची पातळी लिहून ठेवलीय का?" त्यांनी विचारलं. त्यांच्या वाड्याच्या भिंतीवर तशा खुणा होत्या.

दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैत, परत पूर आला. त्यानंतर आम्ही घर विकायला काढलं. कारणं सगळ्यांची असतात तीच: दादा पुण्याला, मी कोल्हापूरला, आई एकटी, आणि जिना नसलेल्या घरातही ती पडली. घर बघायला आलेले बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारायचे, "इथं पाणी येतं का?" नाही म्हटलं की चेहरे खुलायचे. मग होकायंत्र बाहेर निघायचं. दक्षिणमुखी! पन्नासहून जास्त वर्षं आम्ही त्या दारातून ये-जा केली, दोन लग्नं काढली, कुणाला काही झालं नाही. पण दक्षिणमुखी म्हणून भाव पाडणं हा सांगलीतला मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. शेवटी ज्या बिल्डरने घेतलं तो घर पाडणारच होता, दार कुठल्याही दिशेला असो. त्यानेही दक्षिणेचे म्हणून पैसे कमी केले. त्याच्या इंजिनिअरने भेग बघून "स्ट्रक्चर गेलंय" असं सांगितलं. मी 12-5-71 वर बोट ठेवलं. त्याला वाटलं मी धूळ पुसतेय.

मसुद्यात ती ओळ होती. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. संगणकावर टाइप केलेली, पण तीच. तेव्हा मला वास्तुपुरुष आठवला. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे आमच्या ओट्याखाली, गॅसच्या ओट्याखाली म्हणायचंय मला, पुरलेली ती प्रतिमा. आई त्या फरशीवर सिलेंडर कधी ठेवू देत नसे. सणाला पहिला नैवेद्य तिथे. मी आईला विचारलं, काढून घ्यायचा का? गुरुजींना विचारते, विधी असेल काहीतरी. आईने माझ्या हातातला मसुदा घेतला, चष्मा लावून ती ओळ बोटाने शोधली. "निक्षेप दिलाय ना लिहून? मग तो त्यांचा," ती म्हणाली. "फुकट थोडाच दिलाय." निघायच्या दिवशी मात्र तिने त्या फरशीवर दहीभाताची मूद ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

पाडायला जेसीबी आला तेव्हा आमच्यापैकी कुणी नव्हतं. काकूंनी व्हिडिओ पाठवला होता. मी तो अर्धा बघितला.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन. काका गेल्यापासून त्याही एकट्याच. मुलगा अमेरिकेहून मागे लागलाय, तोच बिल्डर त्यांचाही प्लॉट मागतोय, दोन्ही मिळून मोठी स्कीम होईल. वकिलांनी जुना कागद मागितला होता, 1979 चा. काकू तो हातात घेऊनच बोलत होत्या. "अगं, पूर्वेस काय लिहायचं विचारतायत. यात लिहिलंय, 'पूर्वेस लिहून देणार यांची उर्वरित मिळकत'. म्हणजे तुझ्या आजोबांची ना?"

मी हो म्हटलं. आता तिथे बिल्डरच्या फर्मचं नाव येईल, म्हटलं, सूची दोनची, म्हणजे दस्ताच्या नोंदीच्या उताऱ्याची, प्रत माझ्याकडे आहे, पाठवते.

"थांब, पेन घेते," काकू म्हणाल्या. मी नाव सांगितलं, त्यांनी एकेक अक्षर परत म्हणत लिहून घेतलं. कागदाची सळसळ ऐकू आली. मग म्हणाल्या, "चिकू उतरवलेत. पोत्यात पिकत घातलेत. कोल्हापूरला येणारं कुणी असेल तर सांग."

आत्याचा मुलगा गुरुवारी येणार होता, त्याचा नंबर मी त्यांना दिला.